जागतिकीकरण आणि कलेतलं करिअर: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले विद्यार्थी, पालक आणि कलाशिक्षक फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि कार्यशाळा संपल्यावर जिन्यात गाठून जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे कागदपत्रांचे आणि अडचणीचे. हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. जागतिकीकरण हा कंपन्यांचा आणि शेअर बाजाराचा विषय. चित्रकाराचा त्याच्याशी काय संबंध?

तुमच्या गावातल्या जुन्या पेंटरला विचारा. दुकानाची पाटी, ट्रकमागची अक्षरं, निवडणुकीतल्या भिंती, टॉकीजचं पोस्टर हे सगळं हाताने व्हायचं. अमळनेर-पारोळ्यासारख्या गावांत त्यावर घरं चालायची. मग बाहेरच्या देशांतून आलेली फ्लेक्स छपाईची यंत्रं तालुक्यापर्यंत पोचली आणि बघता बघता ते काम गेलं. ज्यांनी कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं ते फ्लेक्सच्याच दुकानात डिझाइन करायला बसले, बाकीचे घरांना रंग देऊ लागले. आज शिरपूरला घरी बसून एखादी मुलगी परदेशी प्रकाशकाच्या बालपुस्तकाची चित्रं काढू शकते आणि पैसे थेट तिच्या खात्यात येतात. या दोन्ही गोष्टी एकाच लाटेने आणल्या.

मधला माणूस संपला, असं मात्र समजू नका. पूर्वी तो मुंबईच्या गॅलरीत बसायचा, आता तो अॅपमध्ये, परदेशी स्टुडिओत किंवा ऑनलाइन लिलावघरात बसतो. म्हणून काम कुठूनही येवो, तीन गोष्टी आधी विचारा: तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये कोण आहे, तो किती ठेवून घेतो आणि हक्क कुणाकडे राहतात. पुढची बरीच उत्तरं याच तीन गोष्टींशी येऊन थांबतात.

२. "आमना पोऱ्या दिनभर चित्रं काढत ऱ्हास. यावर पोट भरी का?"

भरेल, पण नुसती चित्रं विकून भरेल असं धरून चालू नका. गॅलरीच्या विक्रीवर घर चालवणारे चित्रकार देशभरात थोडे आहेत. बाकीचे दोन-तीन कामं जोडून जगतात: शाळेत कलाशिक्षक, पुस्तकांची चित्रं, शिल्पकाराकडे साचेकाम, अॅनिमेशन, जाहिरात, देखावे.

खान्देशाच्या मुलांना जवळचं आणि पालकांच्या नजरेतून नेहमी सुटणारं काम म्हणजे सुरतचं साडी आणि कापड डिझाइन. आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी सुरतच्या उधना-लिंबायतला आहेच. ते मागावर किंवा मिलमध्ये असतील, पण त्याच गल्लीपलीकडे डिझाइन स्टुडिओ आहेत. तिथे चित्रकलेची परीक्षा रोज होते. फूल सुंदर काढणं पुरत नाही, त्याचा 'रिपीट' जुळावा लागतो. म्हणजे नक्षीचा वरचा काठ खालच्या काठाला असा मिळाला पाहिजे की सबंध थान उलगडलं तरी सांधा दिसू नये. हाताने चित्र काढता येणारा मुलगा हे काम नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलापेक्षा लवकर उचलतो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठीच असतात, असा समज आहे. पुढे चित्र-शिल्पकलेच्या शिक्षणाला जायचं असेल तर त्यांचा सरावच खरा उपयोगी पडतो. पदवीसाठी राज्याची कला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी बारावीनंतर नाही, अकरावीतच सुरू करा.

३. मुंबई-पुण्याला न जाता, इथेच राहून जगापर्यंत पोचता येतं का?

येतं, आणि त्याचं उदाहरण चाळीसगावात आहे. केकी मूस यांनी रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहून टेबल-टॉप छायाचित्रण केलं. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा पाडायचा की सबंध निसर्गदृश्य उभं राहिलं पाहिजे. ती छायाचित्रं परदेशी प्रदर्शनांत पोचली आणि बक्षिसं घेऊन आली. १९८९ मध्ये मूस वारले. त्यांच्या वास्तूत आज संग्रहालय आहे. कलेचा विद्यार्थी असाल तर ते पाहिल्याशिवाय राहू नका.

पण गोष्ट अर्धी सांगू नये. मूस इंग्लंडला शिकून आले होते आणि घरी व्यवसाय होता. ज्याला ही दोन्ही पाठबळं नाहीत, त्याने काही काळ बाहेर पडावं असंच मी सांगेन. मूळ चित्रं डोळ्यांनी बघणं पडद्यावर होत नाही. जळगाव-भुसावळहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे प्रदर्शनासाठी तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज लवकर करून ठेवा. कोचीला २०१२ पासून भरणाऱ्या बिनालेत, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो. आपल्या कला महाविद्यालयाने त्यासाठी पाठपुरावा करावा म्हणून प्राचार्यांच्या मागे लागा.

४. शिल्पकार राम सुतार आपल्या धुळ्याचे. मग त्यांनी घडवलेल्या एवढ्या मोठ्या पुतळ्याचं ओतकाम चीनमध्ये का झालं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. राम सुतार यांचा जन्म १९२५ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मग पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम, मग दिल्ली. त्यांनी घडवलेले गांधीजींचे पुतळे अनेक देशांत उभे आहेत. २०१८ मध्ये अनावरण झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांच्या नमुन्यावरून उभा राहिला. त्याच्या बाहेरच्या कांस्य पत्र्यांचं ओतकाम मात्र चीनमधल्या कारखान्यात झालं, कारण त्या आकाराचं काम ठरलेल्या मुदतीत करून देणारी यंत्रणा तिथे तयार होती.

यातून नीट दिसतं की मोठ्या कामाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जिथे सोयीचा पडतो तिथे जातो. चेहरा कसा असावा, खांद्याचा भार कुठे पडावा, शालीची घडी कशी उतरावी, हे ठरवणारा हात मात्र शिल्पकाराचाच राहिला. ओतारी आणि साचेकार यांचं काम यंत्राबरोबर देशाबाहेर जाऊ शकतं, हे वाईट आहे आणि आपल्या ओतशाळांना मोठ्या मापाची साधनं मिळाली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. शिल्पकलेचा विद्यार्थी मात्र त्यासाठी थांबू शकत नाही. मातीकामाबरोबर थ्रीडी स्कॅनिंग आणि लहान नमुन्याचं मोठ्या मापात रूपांतर शिका, म्हणजे दोन्ही टोकं तुमच्या हातात राहतील.

५. एम. एफ. हुसेन यांच्या एका चित्राला ११८ कोटी मिळाले म्हणे. मग चित्रकार गरीब कसे?

कारण ते पैसे चित्रकाराला मिळत नाहीत. 'ग्रामयात्रा' हे हुसेन यांचं १९५४ चं चित्र. नॉर्वेच्या एका डॉक्टरने ते त्याच काळात घेतलं, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास १ कोटी ३८ लाख डॉलरला विकलं गेलं. रक्कम मिळाली ती विकणाऱ्या रुग्णालयाला आणि लिलावघराला.

भारतीय कायद्यात पुनर्विक्रीत कलाकाराच्या वाट्याची तरतूद आहे (प्रश्न ९ पाहा), पण अमेरिकेत असा हक्क नाही. चित्र ज्या देशात विकलं जातं तिथला कायदा लागतो. लिलावाच्या आकड्यावरून नव्या चित्रकाराने आपली किंमत किंवा आपलं भविष्य ठरवू नये.

६. इन्स्टाग्रामवर युरोपच्या गॅलरीचं निमंत्रण आलंय. सहभाग शुल्क भरा म्हणतात. भरू का?

दहापैकी नऊ वेळा माझं उत्तर 'नको' असंच असतं. मेसेज ओळखीचा असतो: तुमच्या चित्रांत फार ऊर्जा आहे, आमच्या क्युरेटरने खास निवड केली आहे, पॅरिस किंवा व्हेनिसला भिंत राखून ठेवली आहे, आठवड्यात पैसे भरा. भिंत खरोखर असते, चित्रही लागतं, फोटोही येतो. पण ती गॅलरी चित्रकारांच्या शुल्कावर चालते. चित्र विकलं गेलं काय आणि नाही काय, तिचं काहीच बिघडत नाही.

ज्या गॅलरीला तुमचं काम विकायचं असतं ती विक्रीतून कमिशन घेते, तेही साधारण निम्म्यापर्यंत. ते जड वाटतं, पण तिथे तिचा आणि तुमचा फायदा एकाच बाजूला असतो. खुल्या स्पर्धेचं माफक प्रवेश शुल्क ही वेगळी गोष्ट आहे, त्यात गैर काही नाही.

पैसे भरण्याआधी विचारा: याआधी इथे प्रदर्शित झालेले तीन कलाकार कोण? त्यांना स्वतः मेसेज करा. चित्राचा जाण्या-येण्याचा खर्च आणि विमा कोण देणार? न विकलेलं चित्र परत कसं येणार? उत्तर टाळलं की विषय संपवा.

आणखी दोन सापळे आहेत. एकात 'गिऱ्हाईक' किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे 'शिपिंग एजंट'ला द्यायला सांगतो. चेक नंतर वटत नाही, तुमचे पैसे मात्र गेलेले असतात. दुसऱ्यात तुमची चित्रं एनएफटी (चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद) म्हणून भरपूर पैशांत घेतो म्हणतात आणि आधी कुठल्याशा वेबसाइटवर फी भरायला लावतात. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

७. परदेशी गिऱ्हाइकाला किंमत किती सांगू? डॉलरमध्ये जास्त लावली तर चालेल?

चित्राची किंमत सगळीकडे एकच ठेवा. आज इन्स्टाग्रामवर धुळ्याचा माणूस आणि डब्लिनचा माणूस एकच पान बघतो. दोन किमती दिसल्या की दोघांचाही विश्वास उडतो. गॅलरी विकत असेल तर स्टुडिओतून परस्पर स्वस्तात देऊ नका. ती गॅलरी पुन्हा दार उघडणार नाही.

फाइल पाठवून होणाऱ्या कामाचा हिशेब वेगळा. तिथे तास मोजू नका, वापर मोजा. तेच चित्र एका पुस्तकाच्या एका आवृत्तीसाठी हवं असेल तर एक दर. कॉफीचे मग, टी-शर्ट, जाहिरात आणि जगभरचे सगळे हक्क कायमचे हवे असतील तर दर कितीतरी पट. अॅपवर सगळ्यात स्वस्त ठरण्याच्या नादाला लागू नका, तिथे तुमच्याहूनही स्वस्त कुणीतरी रोज येतो.

८. चित्र परदेशात पाठवायला कोणते कागद लागतात?

जिवंत कलाकाराच्या नव्या कामावर निर्यातबंदी नाही. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या चित्र-शिल्पांची निर्यात रोखली आहे. मात्र तुमचं काम जुन्या धाटणीचं दिसत असेल तर कस्टममध्ये अडकू शकतं. अशा वेळी ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधीच काढून ठेवा. कलाकाराच्या सहीचं प्रमाणपत्र, वर्ष, माध्यम, माप आणि पाठीमागून काढलेला फोटो प्रत्येक चित्रासोबत हवाच.

विक्रीसाठी पाठवताना आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, एजंट लागत नाही. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं छोट्या पार्सलला कुरियरपेक्षा बरीच स्वस्त पडतात. कॅनव्हास शक्यतो चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीत गुंडाळून पाठवा. प्रदर्शनानंतर चित्र परत आणायचं असेल तर 'एटीए कार्नेट' काढता येतं. ते 'फिक्की' या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळतं आणि त्यामुळे परतताना आयात शुल्काची भानगड राहत नाही. तिकडचं शुल्क गिऱ्हाईक भरणार की तुम्ही, हे आधी लेखी ठरवा. अमेरिकेचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, तेव्हा पाठवण्याच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करा.

जीएसटीबाबत एक गैरसमज सारखा आढळतो. उलाढाल कमी म्हणून नोंदणी नको, हा नियम राज्याबाहेर आणि परदेशात वस्तू विकताना सहसा लागू होत नाही. नुसती फाइल पाठवण्याच्या सेवेला २० लाखांपर्यंत सूट आहे. एकदा सीएकडे जाऊन बसा.

९. चित्र विकलं म्हणजे हक्कही गेले का?

नाही, आणि हे उत्तर पाठ करून ठेवावं असं आहे. चित्र विकलं म्हणजे ती वस्तू गेली. ते छापण्याचा हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी करारांत 'कायमचे' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द असतात ते म्हणूनच. ते दिसले की किंमत वाढवा (प्रश्न ७).

अपवाद आहेत. पगारी नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाचा. पैसे घेऊन केलेल्या व्यक्तिचित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काम सांगणाऱ्याचा. तरीही काम तुमचं आहे हे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. कलाकार पहिला हक्कदार असलेलं मूळ चित्र पुढे १० हजारांहून जास्त किमतीला विकलं गेलं तर कलाकाराला किंवा वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात तो मिळवणं कठीण जातं, कारण चित्र कुठे फिरतंय याची नोंदच नसते. आपल्या प्रत्येक विक्रीची वही ठेवा.

१०. आम्ही पावरा आदिवासी आहोत, धडगाव तालुक्यातले. प्रदर्शनवाले आम्हाला वारली चित्रं काढायला सांगतात. काय करावं?

नकार द्या, आणि ताठ मानेने द्या. वारली चित्रकला पालघर भागातल्या वारली समाजाची. जिव्या सोमा मशे यांनी ती कागद-कॅनव्हासवर नेली, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या कलेला भौगोलिक मानांकनही (जीआय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं) आहे. त्या यशानंतर बाजाराच्या मनात आदिवासी म्हणजे वारली असं समीकरण बसलं. आपली ओळख पुसून दुसऱ्या समाजाची कला काढून देणं म्हणजे दोन समाजांवर अन्याय आहे.

तुमच्याकडे काय कमी आहे? काठी गावच्या होळीला अंगभर राखेचे ठिपके काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून व्रत पाळणारे बावा-बुध्या नाचतात. ढोल अंगात घुमतो, हजारो माणसं रात्रभर उभी असतात. हे ज्याने लहानपणापासून पाहिलं, त्याच्याकडे रंग, आकार आणि लय यांचा साठा आहे. तो कॅनव्हासवर आणा, व्हिडिओत आणा, शिल्पात आणा. माध्यम नवं असलं म्हणून काही बिघडत नाही. आपल्या कामाखाली आपल्या समाजाचं आणि पाड्याचं नाव लिहा. आणि व्रतातली कुठली खूण बाहेर दाखवायची नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. तो निर्णय गॅलरीचा नाही.

११. मी आदिवासी नाही, पण वारलीसारख्या आदिवासी नक्षी टी-शर्टवर आणि पिशव्यांवर वापरून विकायच्या आहेत. कायदा आड येतो का?

परंपरागत शैलीवर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो, त्यामुळे कायदा फारसा अडवत नाही. एखाद्या जिवंत कलाकाराचं चित्र उचललंत तर मात्र उल्लंघन होतं. भौगोलिक मानांकन असलेल्या कलेचं नाव लावून बाहेरचा माल विकणं हाही गुन्हा ठरू शकतो. जळगावची केळी आणि भरताची वांगी यांना असंच मानांकन आहे, त्यामुळे आपल्याला ही कल्पना नवी नाही.

कायदा अडवत नाही म्हणून काम बरोबर ठरत नाही. त्या समाजातल्या कलाकाराकडून नक्षी करून घ्या, त्याचं नाव छापा, दर नगामागे वाटा लिहून द्या.

१२. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून परदेशी पर्यटकांना विकता येतील का?

येतील. ती चित्रं कुणाच्या कॉपीराइटमध्ये नाहीत. प्रतिकृतीवर प्रतिकृती असं लिहा आणि स्वतःची सही करा. रंग मुद्दाम जुनाट करून 'जुनं' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, तिवईसाठी परवानगी लागते.

या नकलांचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावा. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या आगीत नष्ट झाल्या. या नकलांचं पुस्तक निघालं ते ग्रिफिथ्स यांच्या नावाने. पेस्तनजी बोमनजींसारखे थोडे सोडले तर अंधारात पडझडलेल्या भिंतीपुढे बसून रेषा उतरवणारी मुलं कोण, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. कामाखाली आपलं नाव हवं असा आग्रह मी सारखा धरतो, त्यामागे हे आहे.

१३. व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकावर केलेली दृश्यं) आणि अॅनिमेशनचा कोर्स महाग आहे. नोकरी पक्की का?

पक्की म्हणून जो सांगतो तो कोर्स विकतो आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले आणि इथल्या स्टुडिओंत येणारं तिकडचं काम आटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स करणारी परदेशी कंपनी कोसळली आणि बेंगळुरू-मुंबईतल्या हजारो लोकांची नोकरी एका झटक्यात गेली. त्यांच्या कामात काही खोट नव्हती. निर्णय सातासमुद्रापार झाला होता.

म्हणून एकाच सॉफ्टवेअरवर विसंबू नका. रेखाटन, शरीररचना, प्रकाश आणि गोष्ट सांगणं यांवर हात बसवा. एआयमुळे साध्या, ठोकळेबाज चित्रांचं काम आधी जातंय. कुठला चेहरा, कुठला क्षण निवडायचा हे ठरवू शकणाऱ्याला अजून मागणी आहे. कर्ज काढून लाखोंचा कोर्स लावण्याआधी तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांशी स्वतः बोला.

१४. परदेशात शिकायचंय. सरकारी शिष्यवृत्ती मिळेल का?

महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात. इथेच कलेच्या विद्यार्थ्याची गाडी अडते, कारण अनेक नामांकित कला अकादमी त्या क्रमवारीत बसतच नाहीत. प्रवेश घेण्याआधी यादी तपासा. इनलॅक्स, ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस, जर्मनीसाठी डीएएडी, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू या वेगळ्या वाटा आहेत. जर्मनीत बहुतेक सरकारी अकादमींत शिकवणी शुल्क नसतं, राहण्याचा खर्च मात्र दाखवावा लागतो.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर स्वतःच्या कामाबद्दलचं निवेदन आधी मराठीत किंवा अहिराणीत लिहा. काय पाहिलं, काय वापरलं, का वापरलं. मग कुणाकडून तरी साधं भाषांतर करून घ्या. जड शब्दांनी निवड समितीवर छाप पडत नाही.

१५. मी शाळेत कलाशिक्षक आहे. परदेशी ऑर्डर घेतली तर नोकरीवर गदा येईल का?

नियम नोकरीच्या प्रकारावर ठरतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू होतात. त्यांत खाजगी धंद्याला बंदी आहे, पण कर्तव्यात कसूर न होता अधूनमधून केलेल्या साहित्यिक किंवा कलात्मक कामाला मुभा आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे नियम वेगळे, खाजगी अनुदानित शाळांना १९८१ ची नियमावली.

वर्षातून एखादं प्रदर्शन आणि त्यातली विक्री हे 'अधूनमधून' मध्ये बसवता येतं. आयात-निर्यात कोड काढून दर महिन्याला माल पाठवणं हा धंदा समजला जाऊ शकतो. तेव्हा सुरुवातीलाच मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी मागा. अर्जात कामाचं स्वरूप स्पष्ट लिहा, काम शाळेच्या वेळेबाहेर आणि शाळेचं साहित्य न वापरता होईल हे नमूद करा, पोच घ्या. मिळालेली रक्कम आयकर विवरणपत्रात दाखवा. परदेशातून आलेल्या पैशांचा बँकेचा दाखला त्याच फाइलला जोडून ठेवा.